समुद्राजवळचं जुनं चिऱ्याचं घर सावरायचंय? सुरुवात कुठून करायची

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकलं, तेव्हा दापोली तालुक्यातल्या आमच्या घरात कुणी राहत नव्हतं. बऱ्याच दिवसांनी काकांचा फोन लागला. "पोफळी सगळ्या झोपल्या. घर उभं आहे, पण माजघरात बसलं की आभाळ दिसतंय." टाळेबंदीतून वाट काढत मी पोचले, तोवर अख्खा पावसाळा त्या माजघरात पडून गेला होता.

घर जांभ्याच्या चिऱ्यांचं. ओटी, माजघर, देवघर, दोन बाजूंना पडवी, मागे विहीर, विहिरीमागे नारळ-पोफळीची वाडी, वाडीच्या टोकाला गडगा, म्हणजे दगडांची बुटकी भिंत, आणि गडग्यापलीकडे पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. माजघराच्या तुळईवर शके १८४२ कोरलंय, म्हणजे १९२० च्या आसपासचं बांधकाम. मुरुड, आंजर्ले, केळशी, तिकडे दिवेआगर, खाली गुहागर, सगळीकडे साधारण हीच मांडणी: घराचं तोंड रस्त्याकडे, पाठ समुद्राकडे. जुन्या लोकांनी एवढ्या सुंदर समुद्राकडे पाठ का केली, हे कळायला मला एक पावसाळा लागला.

घर राहण्याजोगं व्हायला चार हंगाम गेले. पहिला पैशांसकट वाया गेला, कारण मी शेपटाकडून सुरुवात केली: आधी गिलावा आणि रंग, मग छप्पर. आता ओळखीपाळखीतले लोक फोन करून विचारतात, "आजोबांचं घर आहे, काय करू?" दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवते.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. जांभा सच्छिद्र दगड आहे. तो पाणी पितो आणि ऊन-वारा मिळाला की सोडून देतो. तुमच्या घराला शंभर वर्षं झाली असतील तर ती या पिण्या-सोडण्यावर झाली आहेत. खाली जे काही करायचं सांगितलंय, त्यात हे चक्र तुटणार नाही एवढंच बघितलंय.

१. पहिला पावसाळा घराला हात लावू नका

जमलं तर जुलैत चार-पाच दिवस जाऊन राहा. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा आडवा येतो. उन्हाळ्यात घर बघून केलेला कुठलाही अंदाज चुकतो.

खडू घ्या आणि भिंतीवर ओल जिथपर्यंत आली आहे तिथे रेघ मारा, बाजूला तारीख लिहा. ओल तीन प्रकारची असते आणि तिन्हींवरचे उपाय वेगळे:

- वरून खाली उतरणारी, पट्ट्यापट्ट्यांची. हिचं मूळ छपरात: फुटलेलं कौल, कोन्यातली (छपराच्या माथ्यावरच्या कौलातली) फट, कौलांखालची कुजलेली रीप.
- जमिनीतून वर चढणारी, गुडघ्या-कमरेपर्यंत, सगळीकडे सारख्या उंचीची. हिचं मूळ जोत्याबाहेर साचणाऱ्या पाण्यात.
- ठिपक्याठिपक्यांची, पावसाळा संपल्यावर पांढरी पूड सोडणारी. हा लोणा. भिंतीत मीठ आहे.

"वॉटरप्रूफिंग करून टाकू" म्हणणारा माणूस तिन्हींना एकच औषध देतो. त्याला नम्रपणे चहा पाजून परत पाठवा.

भिंतीला भेग असेल तर तिच्यावर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना चिकटवून ठेवा. सहा महिन्यांत काच तडकली तर भिंत अजून हलते आहे. मग गवंड्याच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. काच शाबूत राहिली तर भेग जुनी आहे, भरून घेता येते. आमच्याकडे चार भेगा होत्या, एकच चालू होती, आणि तिचं कारण पायाशी उगवलेला पिंपळ.

२. कागद गोळा करा, भाऊबंदांशी बोला

हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात जास्त घरं इथेच अडून पडतात. लागणारे कागद:

- जमिनीचा सातबारा आणि आठ-अ. दोन्ही महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचे मिळतात. सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' रकाना नीट वाचा. कुळाचं नाव, जुना बोजा, विहिरीचा वाटा तिथेच लपलेला असतो.
- वारस नोंदीचे जुने फेरफार. आजोबांपासून तुमच्यापर्यंत साखळी जुळली पाहिजे.
- ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. घरपट्टी कुणाच्या नावावर, घराचं क्षेत्रफळ किती, बांधकाम कोणत्या वर्षाचं. गोठा, मांगर (सामान ठेवायची बाहेरची खोपी), न्हाणीघर यांची वेगळी नोंद आहे का, हेही बघा. ते पुढे कामाला येतं.
- घर गावठाणात असेल आणि नगर भूमापन झालेलं असेल तर मिळकत पत्रिका.
- तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी नकाशाची 'क' प्रत.

आमच्या सातबाऱ्यावर अकरा नावं निघाली. त्यातली तिघं हयात नव्हती आणि एका आत्याचे मुलगे कुठे असतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. घर दुरुस्त करायला सगळ्यांची संमती हवी, मालकी तुमच्याकडे एकवटायची असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र किंवा वाटपपत्र हवं. साध्या कागदावर सह्या घेऊन भागेल असं गावात कुणीतरी सांगेलच. नोंदणीशिवाय त्या कागदाला न्यायालयात किंमत नाही. आणि हे बोलणं खर्च करण्याच्या आधी करा. कौलं चढली, घर दिसायला लागलं, की ज्यांनी तीस वर्षं तिकडे फिरकून पाहिलं नाही त्यांनाही आठवणी यायला लागतात.

विकत घेणाऱ्यांसाठी एक वाक्य: महाराष्ट्रात तुम्ही शेतकरी नसाल तर शेतजमीन तुमच्या नावावर होत नाही, कुळकायद्याचं कलम ६३ आड येतं. घर गावठाणात आणि वाडी शेतजमिनीवर असा प्रकार इथे सर्रास आहे. दलाल दोन्ही एकत्र दाखवतो आणि एकाच दमात भाव सांगतो.

३. भरतीरेषा कुठे आहे, ते नकाशावर बघा

समुद्राजवळच्या घराला किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागतात, म्हणजे रोजच्या भाषेत सीआरझेड. पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची, मग २०११ ची, आणि आताची १८ जानेवारी २०१९ ची. १९९१ ची तारीख पाठ करून ठेवा. तुमचं घर त्याआधीचं आहे हे दाखवता आलं तर बरीच कामं सोपी होतात. म्हणून जुन्या घरपट्टीच्या पावत्या टाकू नका. आमच्या देवघरातल्या फडताळात पोथीखाली १९५८ ची पावती सापडली, ती मी लॅमिनेट करून घेतली.

ग्रामीण किनारा बहुतेक सीआरझेड-३ मध्ये येतो. २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त लोकवस्ती असलेल्या भागात भरतीरेषेपासून (मोठ्या भरतीचं पाणी जिथपर्यंत येतं ती रेघ) ५० मीटर, आणि त्याहून विरळ वस्तीत २०० मीटर ना-विकास क्षेत्र धरतात. ५० मीटरची सवलत नव्या अधिसूचनेप्रमाणे केलेला किनारा व्यवस्थापन नकाशा मंजूर झालेला असेल तरच. आपल्या गावांना बहुधा २०० मीटरच लागतात. खाडीकाठच्यांनी "आमच्याकडे समुद्र कुठे आहे" असं म्हणू नये, भरतीचं पाणी येणाऱ्या खाडीलाही हे नियम आहेत.

ना-विकास क्षेत्रातही अधिकृत जुन्या बांधकामाची दुरुस्ती आणि पुनर्बांधणी करता येते. अट अशी की चटईक्षेत्र, जोत्याचं क्षेत्र आणि घनता आहे तेवढीच राहिली पाहिजे. म्हणजे पडवी दोन फूट बाहेर काढू, मागे एक खोली टाकू, हे सोडून द्या. इथे नमुना ८ वरची गोठ्याची नोंद उपयोगी पडते: नोंदलेला गोठा त्याच जोत्यावर दुरुस्त करणं आणि नवी खोली बांधणं, यांत कायद्याच्या नजरेत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

शंका असेल तर केंद्राने मान्यता दिलेल्या संस्थेकडून १:४००० प्रमाणाच्या नकाशावर आपली जागा दाखवून घ्या. खर्चिक आहे, पण पाडकामाच्या नोटिशीपेक्षा स्वस्त. "इथे सगळे असंच करतात" हा सल्ला गावात फुकट मिळतो.

घराजवळ केंद्राच्या पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेला किल्ला किंवा देऊळ असेल तर आणखी एक वर्तुळ आहे: १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी, त्यापुढचे २०० मीटर नियमन क्षेत्र. दोन्हींत दुरुस्तीलासुद्धा परवानगी काढावी लागते.

४. छप्पर आधी

दिवाळी झाली की काम सुरू करा आणि मृगाच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याआत, छप्पर बंद झालंच पाहिजे असं उलटं गणित मांडा. सुतार आणि गवंडी मे महिन्यात कुणालाच मिळत नाहीत, सगळ्या गावाला तेव्हाच जाग येते.

सगळी कौलं उतरवा, धुवा, वाजवून बघा. चांगलं कौल बोटाच्या टिचकीने खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. पालथं करून शिक्काही वाचा. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि तिथला माल गलबतांतून सगळ्या किनाऱ्यावर गेला. आमच्याकडे तशी शेदोनशे कौलं निघाली, आजच्या नव्या मालापेक्षा जड आणि टणक. ती सगळी पश्चिमेच्या उतारावर घातली, तिथेच पावसाचा मारा असतो.

शंभर चौरस फुटांना मंगलोरी कौलं साधारण दीडशे लागतात. त्यावर दहा टक्के फुटीचे धरा आणि आणखी शंभरेक मांगरात रचून ठेवा. का, ते वर बघितलं की कळेल. वानरं. नारळाच्या झावळीवरून छपरावर आणि छपरावरून आंब्यावर असा त्यांचा रोजचा रस्ता असतो. छपरावर झुकणाऱ्या फांद्या आणि झावळ्या तोडल्या तर हा रस्ता निम्मा बंद होतो. पूर्ण बंद करण्याचा उपाय मला अजून कुणी दाखवलेला नाही.

कौलांऐवजी पत्रा घालायचा मोह होईल. सगळ्या गावाने घातलाय, स्वस्त आहे, वानरांची कटकट नाही. पण खाऱ्या वाऱ्यात तो गंजतो, मेमध्ये घर तव्यासारखं तापतं, आणि निसर्ग वादळात ताशी शंभर किलोमीटरच्या वरच्या वाऱ्याने पत्रे पानांसारखे उडालेले मी स्वतः वाडीतून वेचले आहेत. कौलाची दोन फुटतात, दोन बदलतात. वादळासाठी एवढं करा: वळचणीच्या आणि कडेच्या दोन ओळी तांब्याच्या तारेने रिपांना बांधा आणि कोने चुन्यात बसवा. वारा छप्पर उचलतो तो कडेकडूनच.

वळचण भिंतीपासून अडीच-तीन फूट बाहेर हवी. एका ठेकेदाराने "जुनाट दिसतं" म्हणून आमची पुढची वळचण कापायला काढली होती. ती कापली असती तर पागोळ्यांचं पाणी थेट भिंतीच्या पायाशी पडलं असतं. पागोळ्या जिथे पडतात त्या पट्ट्यात फुटके चिरे किंवा जाड खडी पसरा आणि पाणी उताराने वाडीकडे काढा. जमिनीतून चढणारी आमची ओल या एका पट्ट्याने निम्म्यावर आली.

५. सिमेंट काढा, चुना आणा

इथे मी सगळ्यात मोठी चूक केली, म्हणून इथे जरा थांबते.

पहिल्या हंगामात मला सांगण्यात आलं की जुना चुन्याचा गिलावा "मेलाय", सिमेंटचा करून घ्या, वर चांगला प्लॅस्टिक पेंट मारा, पंधरा वर्षं बघायला नको. गणपतीपर्यंत भिंत छान दिसली. दिवाळीत माजघराच्या भिंतीवर हाताच्या पंज्याएवढे फुगे आले. एक फोडला तर मागे ओला लाल भुगा; चिऱ्याचा वरचा अर्धा इंच माती झालेला. शेजारच्या वस्तीतले एक म्हातारे मिस्त्री बघायला आले, भिंतीला तळवा लावून म्हणाले, "ताई, भिंतीला सिमिटाचा रेनकोट घातलात तुम्ही. आतनं घाम येणार, तो जाणार कुठं?"

नेमकं तेच होतं. जमिनीतून आणि छपरातून आलेलं पाणी सिमेंट बाहेर सोडत नाही. ते मागे साचतं, बरोबरचं मीठ तिथेच स्फटिक होऊन बसतं, आणि स्फटिक वाढताना दगडाची छिद्रं फोडतं. सिमेंट चिऱ्याहून कडक असतं, त्यामुळे दोघांच्या भांडणात चिरा हरतो. सांध्यातला माल नेहमी दगडापेक्षा मऊ हवा. झिजायचं असेल तर त्याने झिजावं, तो पुन्हा भरता येतो.

सिमेंट काढताना ब्रेकर लावू नका. छिन्नी-हातोडीने, हळूहळू. दोन महिने गेले त्यात.

चुन्याचं काम असं:

कळीचा, म्हणजे भट्टीतला न विरवलेला चुना आणा. जमिनीत खड्डा करून किंवा लोखंडी पिंपात आधी पाणी भरा आणि त्यात चुना थोडा थोडा सोडा. चुन्यावर पाणी ओतू नका, अंगावर उसळतं. पाणी अक्षरशः उकळतं, त्यामुळे प्लॅस्टिकचं टब वापरू नका, डोळ्यांना चष्मा लावा, मुलांना लांब ठेवा. तो गाळून, वर चार बोटं पाणी ठेवून मुरू द्या. निदान तीन आठवडे, जमलं तर तीन महिने. नीट मुरला की लोण्यासारखा होतो आणि थापीला चिकटून राहतो.

सांधे भरायला एक भाग चुना, तीन भाग रेती. ओलीच्या जागी थोड्या रेतीऐवजी विटांची सुरखी (भुकटी) घाला, त्याने चुना ओलाव्यातही धरतो. आमचे मिस्त्री हिरड्याचं आणि गुळाचं पाणी टाकत. त्यांच्या हाताला त्या मिश्रणाची सवय होती, मी मध्ये पडले नाही. गिलावा तीन पातळ थरांत, प्रत्येक थर अंगठ्याने दाबला तर खूण उमटेल पण बोट रुतणार नाही इतका सुकल्यावर पुढचा. गोणपाट लावून सात ते दहा दिवस ओलसर ठेवायचा. वर रंग म्हणून चुन्याचीच सफेदी, हवी तर त्यात काव किंवा पिवडी. ऑइल पेंट नको, प्लॅस्टिक नको, "ब्रीदेबल" लिहिलेलं काही महाग दिलं तरी नको.

रेतीचं बघून घ्या. मला नदीची म्हणून विकलेली रेती खाडीची निघाली. पहिल्याच थंडीत नव्या सांध्यांवर लोणा फुलला. सोपी परीक्षा आहे: बाटलीत रेती आणि गोडं पाणी घालून हलवा, रात्रभर ठेवा, सकाळी वरचं पाणी जिभेला लावा. खारट लागलं की गाडी परत. तळाशी मातीचा थर जाड बसला तरी परत. पुळणीवरची वाळू उचलणं तर बेकायदाच आहे आणि घरालाही घातक.

भिंतीतले झिजलेले चिरे बदलायचे असतील तर खाणीतून ताजे आणून लगेच लावू नका. जांभा खाणीत मऊ असतो, हवा लागून कडक होतो. याच गुणामुळे केरळात अंगाडीपुरम इथे तो विटांसारखा कापताना पाहून फ्रान्सिस बुकानन याने १८०७ मध्ये त्याला विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून लॅटेराइट हे नाव दिलं. एक उन्हाळा अंगणात रचून ठेवा. आणि एक चिरा दुसऱ्यावर आपटून बघा. पांढरट मातीचे डाग असलेला, पोकळ वाजणारा चिरा जोत्याला लावू नका.

६. लाकूड आणि खिळे

पेचकस घेऊन प्रत्येक वाशाचं आणि तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक टोचून बघा. लाकूड मधे ठणठणीत असतं आणि टोकाला, जिथे भिंतीची ओल लागते तिथे, साबणासारखं झालेलं असतं. अख्खी तुळई बदलायची गरज क्वचितच पडते. कुजलेलं टोक कापून जुन्या सागाचा तुकडा सांध्याने जोडता येतो. जुनं लाकूड पाडलेल्या घरांचं मिळतं, खिळे तेवढे नीट काढून घ्या. आमचे ओटीचे खांब फणसाचे आहेत, त्यांच्यावरचं तीस वर्षांचं ऑइल पेंट खरवडल्यावर आतला पिवळा रंग बघून काकू म्हणाल्या, "हे एवढं सोनं रंगवलं कोणी?" रंगवलं काकांनीच होतं. कुणी बोललं नाही.

खिळे आणि स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या. दुकानदार ३०४ देईल, समुद्रापासून दोनशे मीटरवर त्यालाही डाग पडतात. बिजागऱ्या, कड्या पितळेच्या. वाळवीसाठी पूर्वी काजूच्या टरफलांचं तेल लावत, ते अजून मिळतं आणि चालतं. फक्त हातमोजे घाला, कातडी सोलून निघते.

७. संडास, न्हाणी, विहीर

जुन्या भिंतीच्या आत अटॅच्ड बाथरूम करू नका. नळाची एक गळती शंभर वर्षांच्या भिंतीला पुरते. आम्ही नमुना ८ वर नोंदलेला गोठा त्याच जोत्यावर दुरुस्त करून त्यात दोन न्हाण्या केल्या आणि पडवीतून छपराखालून जाता येईल अशी वाट ठेवली. पावसात रात्री जायला त्रास होतो का? होतो.

सेप्टिक टँक विहिरीपासून निदान ५० फूट हवा, आणि आपली जमीन वाळूची असल्यामुळे त्याहून लांब ठेवता आला तर उत्तम.

विहिरीबद्दल: किनाऱ्याला गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोड्याची पातळी एक फूट खाली गेली तर खालचं खारं पाणी हळूहळू चाळीसेक फूट वर सरकू शकतं, असं त्याचं गणित आहे. म्हणून मोठा पंप लावून तासाभरात टाकी भरणं म्हणजे विहीर खारी करणं. लहान पंप, थोडा थोडा वेळ, मेमध्ये आणखी कमी. बोअरवेलचा विचारही नको. शेजाऱ्याने मारली, पहिल्या वर्षी त्यांच्या पोफळीची पानं कडांनी करपली आणि दुसऱ्या वर्षी आमची विहीर मचूळ झाली. पूर्वी रहाट होता तेव्हा हा प्रश्नच नव्हता, बैल दमायचा.

८. वाडी

घरापेक्षा वाडी सावकाश सुधारते, म्हणून तिचं काम पहिल्याच पावसाळ्यात सुरू करा. निसर्गमध्ये आमच्या पोफळी निम्म्याहून जास्त गेल्या. दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ आहे आणि रत्नागिरीजवळ भाट्याला नारळ संशोधन केंद्र. रोपं तिथूनच घ्या, आठवडा बाजारातून नको. नारळ २५ फुटांवर लावतात. हे अंतर रोपं एवढीशी असताना फार वाटतं आणि प्रत्येक जण मधे एक जास्तीचा लावतो. मीही लावला. घरापासून मात्र लांबच, नारळ कौलावर पडला की कौल, रीप आणि झोप तिन्ही जातात.

नारळाच्या सावलीत पोफळ, पोफळीवर मिरीचा वेल, मधे जायफळ, दालचिनी, कडेला कोकम. जायफळाचं कलमच घ्या. नर-मादी झाडं वेगळी असतात आणि बीपासून केलेलं रोप नर निघालं हे कळायला सहा-सात वर्षं जातात. नारळाच्या शेंड्यात भोकं आणि भुसा दिसला तर गेंड्या भुंगा. शेणखताचा उघडा ढीग वाडीत ठेवू नका, तो तिथेच वाढतो.

लॉनचा हट्ट असेल तर सोडा. आणि अंगणाला पेव्हर ब्लॉक घालू नका, पाणी मुरायची जागाच जाते आणि ते पुन्हा भिंतीकडे येतं. खळं सारवा, किंवा चिरे नुसत्या मातीत बसवा.

समुद्राकडच्या बाजूला केवडा, उंडी, सुरू असतील तर त्यांना हात लावू नका. पुळणीवर जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरते, ती "साफ" करून घेणारे पाहुणे मी पाहिले आहेत. तिच्या मुळांनी वाळू धरलेली असते. नजारा दिसावा म्हणून आम्ही गडग्याजवळची दोन झाडं तोडली, आणि त्याच वर्षी मागच्या दाराच्या कड्या हिरव्या पडल्या. पूर्वजांनी पाठ का केली होती, त्याचं उत्तर ते. आता तिथे पुन्हा उंडी लावली आहे.

आंजर्ले, वेळास या भागात हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात, त्यामुळे समुद्राच्या बाजूला हॅलोजन लावू नका. पिवळा, झाकलेला, खाली तोंड असलेला दिवा पुरतो.

९. पाहुणे ठेवायचे असतील तर

२०१९ च्या अधिसूचनेत स्थानिकांना जुन्या घरात होम स्टे चालवायला वाव आहे, जोतं, रचना आणि दर्शनी भाग न बदलता. राज्याच्या पर्यटन विभागाकडे निवास व न्याहारी योजनेखाली नोंदणी करा. परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांत त्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन भरावी लागते, हे मला पहिला पाहुणा निघून गेल्यावर कळलं.

हे करायच्या आधी निदान एक पूर्ण वर्ष स्वतः राहून घ्या. घराला दर वर्षी काय लागतं ते त्याशिवाय समजत नाही. आमचं वेळापत्रक असं बसलंय: नोव्हेंबरात भिंतींवरचा लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढायचा, ओल्या फडक्याने नाही, नाहीतर मीठ परत आत जातं. फेब्रुवारीत सांधे तपासून चुना भरायचा. एप्रिलमध्ये सफेदी. मेच्या पहिल्या पंधरवड्यात विहिरीचा गाळ काढायचा आणि कौलं चाळायची, वानरांनी सरकवलेली जागेवर बसवायची. मग पश्चिमेच्या भिंतीला नारळाच्या झावळ्यांची विणलेली झापं बांधायची, पूर्वी सगळे बांधत तशी. निळं प्लॅस्टिक एका वाऱ्यात फाटतं आणि भिंतीला घुसमटवतं. झापातून वारा जातो, पाऊस अडतो. विणणाऱ्या दोनच बायका आमच्या वस्तीत उरल्या आहेत, त्यांना मार्चमध्येच सांगून ठेवावं लागतं.